देव्हाऱ्यातला अग्नी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

श्रोतेहो, नाण्यांवर बोलायचं आणि तेही रेडिओवर, ही तशी पंचाईतच आहे. समोर बसला असतात तर नाणं हातावर ठेवलं असतं, भिंग दिलं असतं. आता तुम्हाला ते माझ्या शब्दांतून पाहावं लागणार. पण ज्या नाण्यापासून मी सुरुवात करणार आहे, ते आमच्या घरातल्या माणसांनीही दोन-तीन पिढ्या नुसतं पाहिलं होतं, ओळखलं नव्हतं. त्यामुळे तुमचं फारसं बिघडणार नाही.

वसईकडच्या आमच्या जुन्या घरी देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी एक काळपट नाणं असे. अंगठ्याच्या नखाएवढं, जाडसर, कडा ओबडधोबड. आजी त्याला 'लक्ष्मी' म्हणायची. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ते चिंचेने घासून लख्ख करायचं काम आम्हा मुलांकडे. एका बाजूला काही आडव्या-उभ्या रेघा आणि ठिपके, दुसऱ्या बाजूला चोचीसारखं काहीतरी आणि पुन्हा ठिपके. ते काय आहे असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. देव्हाऱ्यातल्या वस्तूंबद्दल असे प्रश्न पडत नाहीत.

पुढे नोकरी लागल्यावर मला नाण्यांचा नाद लागला. एका जाणकार गृहस्थांना मी ते नाणं दाखवलं. त्यांनी ते क्षणभर फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हा गधैया. ही चोच दिसते ना, ते इराणच्या बादशहाचं नाक. आणि या रेघा म्हणजे अग्निवेदी."

त्या एका वाक्याने मला पुढची बरीच वर्षं कामाला लावलं. इराणचा बादशहा आणि त्याचा अग्नी वसईच्या देव्हाऱ्यात कसे येऊन बसले, ती हकिकत आज सांगायची आहे.

इराणी चांदीच्या नाण्यांची गोष्ट अग्नीपासून सुरू होत नाही, धनुष्यापासून होते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस हखामनी सम्राट पहिला दारियस याने सोन्याची 'दारिक' आणि चांदीची 'सिग्लोस' नाणी काढली. साडेपाच ग्रॅमच्या आसपास वजनाच्या त्या चांदीच्या गोळीवर मुकुट घातलेला धनुर्धारी राजा, गुडघ्यात वाकून धावण्याच्या पवित्र्यात. अक्षर एकही नाही. गंमत म्हणजे ही नाणी खुद्द इराणात फारशी चालत नसत. तिथे चांदी तागडीत तोलून दिली-घेतली जाई. नाणी होती ती पश्चिमेकडच्या, आजच्या तुर्कस्तानातल्या प्रजेसाठी आणि भाडोत्री ग्रीक शिपायांसाठी. स्पार्टाचा राजा अजेसिलॉस इराणी मुलखातून परत फिरला, तेव्हा राजाच्या दहा हजार तिरंदाजांनी मला हाकललं, असं तो म्हणाल्याचं प्लूटार्क सांगतो. तिरंदाज म्हणजे नाण्यांवरचे. ग्रीसमधल्या पुढाऱ्यांना इराणने पैसे चारले आणि त्यांनी मागे युद्ध पेटवून त्याला घरी बोलावलं, हा त्यातला टोमणा.

मग अलेक्झांडर आला आणि नाण्यांचा चेहरामोहरा ग्रीक झाला. त्यानंतरच्या पार्थियन राजांनी जवळपास पावणेपाचशे वर्षं राज्य केलं, पण त्यांच्या नाण्यांवरचा मजकूर बहुतांशी ग्रीक लिपीतच राहिला. काही जण तर स्वतःला 'ग्रीकांचा मित्र' म्हणवून घेत. पुढेपुढे ठसे कोरणाऱ्या कारागिरांना ग्रीक येईनासं झालं आणि अक्षरांच्या नुसत्या काड्या उरल्या. आमच्या देव्हाऱ्यातल्या रेघांचा पूर्वजन्म म्हणा हवं तर.

आता या पार्श्वभूमीवर इसवी सन २२४ मध्ये काय घडलं ते पाहा. पार्स प्रांतातला अर्दशीर नावाचा सरदार उठला, त्याने शेवटचा मोठा पार्थियन राजा अर्दवान याला लढाईत मारलं आणि सासानी घराण्याचं राज्य स्थापन केलं. त्याने पाडलेला चांदीचा द्रम्म हातात घेतला की राज्य बदललं आहे हे निरक्षर माणसालाही कळावं अशी त्याची घडण होती. पार्थियन राजे नाण्यावर साधारणपणे डावीकडे पाहतात, अर्दशीर उजवीकडे पाहतो. ग्रीक अक्षरं गेली, पहलवी आली. त्यात राजा स्वतःला अहुर मज्दचा उपासक, इराणचा राजाधिराज, देवांच्या वंशातला म्हणवतो. आणि मागच्या बाजूला पार्थियन नाण्यांवर धनुष्य घेऊन बसलेला पुरुष असे, तिथे आता पेटलेली अग्निवेदी आली. वेदीभोवती लिहिलं आहे: 'अर्दशीरचा अग्नी'.

हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. नुसता 'पवित्र अग्नी' नाही, अर्दशीरचा अग्नी. सासानी राजाच्या नावाने अग्नी प्रज्वलित होई आणि त्याच्या राज्याची वर्षं त्या अग्नीपासून मोजली जात. बिशापूर इथल्या एका स्तंभावर कालगणना दिली आहे ती अशीच: अर्दशीरच्या अग्नीचं चाळिसावं वर्ष, शापूरच्या अग्नीचं चोविसावं वर्ष. अर्दशीरचा मुलगा पहिला शापूर याने आपल्या मोठ्या शिलालेखात स्वतःच्या आत्म्यासाठी, मुलगी आदुर-अनाहिदसाठी आणि मुलग्यांसाठी स्थापन केलेल्या अग्नींची नोंद केली आहे. त्या अग्नींपुढे रोज किती मेंढे, किती भाकरी, किती मद्य अर्पण करायचं याचा हिशेबही दिला आहे. आपल्याकडे देवस्थानाला नंदादीपासाठी जमिनी लावून देत, त्या सनदांची आठवण यावी असा तो मजकूर आहे.

तेव्हा नाण्याच्या एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला अग्नी, यात एक करार होता. राजा अग्नी राखतो, म्हणून तो राजा. चारशेहून अधिक वर्षं ही जोडी मोडली नाही.

नाणं कसं दिसे ते सांगतो. रुंदी जेमतेम तीन सेंटिमीटर, वजन चार ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पत्र्यासारखं पातळ. कस मात्र उत्तम, तो शतकानुशतकं फारसा ढळला नाही. दर्शनी बाजूला राजाचा अर्धपुतळा. दाढी, कानात लोंबतं मोती, आणि डोक्यावर मुकुट.

या मुकुटांवर संशोधकांनी आयुष्यं घालवली आहेत, आणि ते योग्यच आहे. दर राजाचा मुकुट वेगळा. शापूरचा किल्ल्याच्या तटासारखा, कंगोरे असलेला. पहिल्या बहरामचा सूर्यकिरणांचा. दुसऱ्या बहरामचा पंखांचा, आणि त्याच्या नाण्यांवर शेजारी राणी आणि समोर राजपुत्रही दिसतात. दुसऱ्या होर्मिझ्दच्या मुकुटावर पक्षी बसला आहे आणि त्याच्या चोचीत मोती आहे. बहुतेक मुकुटांच्या वर रेशमात गुंडाळलेला केसांचा गोल बुचडा. किरण मिथ्र देवतेचे, पंख विजयाच्या देवतेचे, असे त्यांचे अर्थ लावले जातात. ज्याला पहलवी वाचता येत नव्हती त्याला मुकुट वाचता येत होता. आज आपणही नाव पुसलेलं नाणं मुकुटावरूनच ओळखतो. पुढच्या काळातल्या ग्रंथांत असंही वर्णन येतं की खुस्रोचा मुकुट इतका जड होता की तो छताला साखळीने टांगलेला असे आणि राजा त्याच्याखाली येऊन बसे. खरं-खोटं बाजूला ठेवू, पण नाण्यांवरचे ते डोलारे पाहिले की साखळीची कल्पना कुणाला का सुचली ते कळतं.

मागच्या बाजूला मात्र मोठा बदल नाही. शापूरच्या काळापासून वेदीच्या दोन्ही बाजूंना दोन व्यक्ती उभ्या राहिल्या. पुढे कधी ज्वाळांच्या मधोमध एक मस्तक दिसू लागलं. पण मुकुट बदलत राहिले आणि अग्नी तसाच राहिला.

या द्रम्माचा लौकिक दूरवर पसरला होता. चीनमध्ये तुर्फानच्या दफनभूमीत मृतांच्या तोंडात ठेवलेली सासानी नाणी सापडली आहेत. १९५९ मध्ये शिनजियांगमधल्या वूचिया इथे एकाच ठिकाणी अशी नऊशेहून अधिक नाणी मिळाली. बुखाऱ्यात पाचव्या बहरामच्या नाण्याची नक्कल पुढे कित्येक शतकं होत राहिली. पण आपल्या गोष्टीला ज्या राजाची गरज आहे, तो बहराम नव्हे. तो पेरोज. आणि त्याची कथा अपमानाची आहे.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात पेरोज गादीवर होता. पूर्वेकडच्या हेफ्थलाइट हूणांशी त्याची युद्धं झाली आणि तो त्यांच्या हाती सापडला. सुटकेची किंमत ठरली तीस खेचरं लादून चांदीचे द्रम्म. एका समकालीन सीरियन बखरीच्या सांगण्याप्रमाणे खजिन्यातून वीसच खेचरांचा भार जमला. उरलेल्या दहांसाठी त्याने आपला मुलगा कवाद ओलीस ठेवला. राजाधिराज, देवांच्या वंशातला, आणि घरात पुरेशी चांदी नाही! पुढे ४८४ मध्ये पेरोज पुन्हा हूणांवर चालून गेला आणि सैन्यासह मारला गेला. त्याच्या नाण्यांवर एकामागून एक तीन वेगवेगळे मुकुट दिसतात. तिसऱ्याला पंख आहेत.

खेचरांवरून गेलेली ती चांदी हूणांच्या मुलखात खेळू लागली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं इराण हूणांना खंडणी देत राहिलं. हूणांना नाण्याची सवय लागली ती पेरोजच्या चेहऱ्याची. त्यांनी स्वतः नाणी पाडायला घेतली तेव्हा ज्याला आपण मारलं त्याचाच मुकुट आणि त्याचाच अग्नी छापला. हूणांच्या टोळ्यांबरोबर ही नाणी सिंधू ओलांडून पंजाब, राजस्थान, माळवा, गुजरात अशी खाली उतरली.

तिकडे इराणात काय झालं तेही ऐका, कारण दोन्हीकडे एकच प्रकार घडला. दुसऱ्या खुस्रोने, म्हणजे ५९० पासून ६२८ पर्यंत राज्य केलेल्या खुस्रो परवेझने, नाण्यांचा पूर आणला. मुकुटाला मोठे पंख, वर चंद्रकोर आणि चांदणी, चेहऱ्याशेजारी 'तेज वाढलं' अशा अर्थाचे शब्द. तो पदच्युत झाला आणि चार वर्षांत अनेक जण गादीवर येऊन गेले. त्यात बोरान नावाची राणीही होती, तिचीही नाणी आहेत. ६३२ मध्ये यज्दगर्द तिसरा गादीवर आला तेव्हा अरब सैन्य दारात होतं. ६५१ मध्ये मर्वजवळ तो मारला गेला आणि सासानी राज्य संपलं.

आता नाण्यावरून अग्नी जायला हवा होता. विजेत्यांचा धर्म मूर्ती आणि चित्र यांच्या विरोधातला, अग्निपूजेच्या तर नक्कीच. पण गेला नाही! नव्या सुभेदारांनी त्याच टाकसाळी, तेच कारागीर, तेच ठसे चालू ठेवले. खुस्रोचा चेहरा तसाच, मागे अग्निवेदी तशीच. फक्त कडेच्या मोकळ्या जागेत अरबी लिपीत 'बिस्मिल्लाह' आलं. शिपायाला पगार द्यायचा होता, रयतेकडून सारा घ्यायचा होता, आणि दोघांचाही विश्वास त्या चेहऱ्यावर होता. जवळजवळ अर्धं शतक हे चाललं. खलिफा अब्द अल-मलिकने ६९८-९९ च्या सुमारास चित्राशिवाय, केवळ अक्षरांचा दिरहम काढला तेव्हा कुठे राजा आणि अग्नी दोघेही उतरले. कॅस्पियन समुद्राकाठच्या तबरिस्तानात तर आठव्या शतकाच्या अखेरपर्यंत ते टिकून होते.

'दिरहम' हा शब्द 'द्रम्म'चाच भाऊ. दोघांचं मूळ ग्रीक 'द्राख्मे'. आणि आपण 'दाम' म्हणतो, 'दामदुप्पट' म्हणतो, ते याच द्रम्मावरून.

तर पुन्हा आपल्याकडे येऊ. गुजरात-राजस्थानातल्या टाकसाळींत ज्यांनी पेरोज ऐकला नव्हता, अग्निवेदी पाहिली नव्हती, असे कारागीर नकलेची नक्कल, तिची नक्कल करत राहिले. नाणं लहान आणि जाड होत गेलं. राजाचं कपाळ गेलं, दाढी गेली, नाक चोचीसारखं पुढे आलं, डोळ्याचा एक ठिपका उरला. वेदीचा खांब झाला, ज्वाळांचे ठिपके झाले, दोन सेवकांच्या दोन-तीन रेघा झाल्या. लोक त्याला गधैया म्हणू लागले. नाव कुठून आलं म्हणाल, तर लोककथा त्याचा संबंध विक्रमादित्याच्या बापाशी, गाढवाचं रूप मिळालेल्या गंधर्वसेनाशी जोडते. नाणं कुणाचं हे विसरलं गेलं की अशा कथा जन्माला येतात. या रेघांमागचा इराणी चेहरा एकोणिसाव्या शतकात, १८३०च्या दशकात, जेम्स प्रिन्सेपने ओळखून दाखवला. ब्राह्मी लिपी वाचली तोच हा प्रिन्सेप.

कोकणातही ही नाणी चालत होती. उत्तर कोकणचा शिलाहार राजा छित्तराज याचं नाव नागरी अक्षरांत घातलेली गधैया नाणी मिळाली आहेत. छित्तराज म्हणजे भांडुपला सापडलेल्या शके ९४८, इसवी सन १०२६च्या ताम्रपटातला राजा. अंबरनाथचं शिवमंदिर याच घराण्याचं. म्हणजे शिवभक्त राजाच्या नावाखाली अग्निवेदीच्या रेघा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे भाषण द्यायला कबूल झालो. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत बुद्धाच्या मूर्ती पाहायला आपण जातो. तिथल्या एका लेण्यात पहलवी लिपीतले लेख कोरलेले आहेत. इ. डब्ल्यू. वेस्ट यांनी एकोणिसाव्या शतकात ते वाचले. लेणी पाहायला आलेल्या जरथुष्ट्री मंडळींनी आपली नावं तिथे कोरून ठेवली आहेत, तारखांसह. त्या तारखा इसवी सनात काढल्या तर १००९ आणि १०२१ अशी वर्षं येतात. पण त्यांनी वर्षं मोजली आहेत ती यज्दगर्दच्या सनाने! राज्य बुडून साडेतीनशे वर्षं उलटली होती, तरी शेवटच्या राजाचं वर्ष चालूच होतं. पारशी पंचांगात आजही ते चालू आहे.

तारखा शेजारी ठेवून पाहा. १०२१ मध्ये ही मंडळी कान्हेरीच्या डोंगरावर पहलवीत नावं कोरत होती. पाचच वर्षांनी छित्तराज भांडुपचा ताम्रपट देत होता आणि त्याच्या राज्यात गधैया द्रम्म हातोहात फिरत होते. डोंगरावर आणि बाजारात, दोन्हीकडे इराणचं ते जुनं नाणंच वेगवेगळ्या रूपांत जिवंत होतं. एकीकडे अक्षर आणि वर्ष टिकलं होतं, राजाचा चेहरा नव्हता. दुसरीकडे चेहरा आणि अग्नी टिकले होते, पण त्यांचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. कान्हेरीहून उतरून ठाण्याच्या बाजारात गेलेल्या एखाद्या पारशाच्या हातावर वाण्याने सुट्टे म्हणून हे नाणं ठेवलं असेल, असं चित्र माझ्या मनात नेहमी येतं. त्याने ते निरखून न पाहता कनवटीला लावलं असणार. मीही दहा दिवाळ्या तेच केलं.

या मंडळींनी नाण्यावरचा नव्हे, खरा अग्नी राखला. संजाणला प्रतिष्ठापना झालेला त्यांचा सर्वांत मोठा अग्नी १७४२ पासून उदवाड्यात आहे. त्याचं नाव 'ईरानशाह'. इराणचा राजा! नाण्याच्या दोन बाजूंना असलेले राजा आणि अग्नी तिथे एका नावात येऊन मिळाले आहेत. आणि सासानी नाण्यांवरचा एक मोठा ग्रंथ १९२४ मध्ये आपल्या मुंबईतच प्रसिद्ध झाला, फर्दुनजी पारुख यांचा. एकेका राजाचे मुकुट, एकेका टाकसाळीची चिन्हं त्यांनी ज्या चिकाटीने लावली आहेत, ती वाचताना हा माणूस केवळ नाणी लावत नाहीये हे जाणवत राहतं.

नाण्याचं काय झालं ते सांगून थांबतो. त्या जाणकार गृहस्थांकडून परत आल्यावर मी मोठ्या उत्साहात काकूला सगळं सांगितलं. आजी गेल्यानंतर देव्हारा तिच्याकडे आला होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मी म्हटलं, "काकू, ही लक्ष्मी नाही. परक्या राजाचं नाणं आहे, आणि मागे त्यांचा अग्नी आहे." तिने विचारलं, "अग्नीच ना रे?" मी हो म्हटलं. "मग असू दे की," म्हणाली, आणि नाणं माझ्या हातातून घेऊन जागेवर ठेवलं.

मी एवढंच कबूल करून घेतलं की ते यापुढे चिंचेने घासायचं नाही. आमच्या घासण्याने राजाचा डोळा जवळजवळ गेलाच आहे. वेदीच्या रेघा अजून बोटाला लागतात. यंदाच्या दिवाळीत गेलो तेव्हा त्यांच्यात हळद-कुंकू भरलेलं होतं.